‘उपाशी या’ म्हणजे नेमकं काय: पेट-सीटीसाठी शरीर कसं तयार करायचं

पेट-सीटी म्हणजे मुख्यतः कर्करोगाची गाठ शरीरात कुठे आहे, हे किरणोत्सारी औषध टोचून चित्रात बघायची तपासणी. तिच्या अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर ‘सहा तास उपाशी’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ‘उपाशी’ आणि ‘उपवास’ या दोन शब्दांत सहज गल्लत होते. मग माणूस सकाळी साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात नाहीतर उकडलेलं रताळं खाऊन केंद्रावर हजर होतो आणि मनापासून सांगतो की मी काही खाल्लेलं नाही. या तपासणीसाठी याहून वाईट न्याहारी नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो पोटात गेला की रक्तातली साखर चढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि पुढचे काही तास शरीरातले सगळे स्नायू साखर ओढायला लागतात. नेमक्या त्याच वेळी आपण नसेतून साखरेसारखंच एक औषध सोडणार असतो. ते गाठीकडे जायचं सोडून मांड्यांत आणि खांद्यांत जाऊन बसतं.

म्हणून उपाशी म्हणजे फक्त साधं पाणी. दूध नाही, बिनसाखरेचा चहा नाही, ताक नाही, शहाळं नाही, लिंबू-सरबत नाही. खोकल्याचं गोड औषध, गळ्यासाठी चघळायच्या गोळ्या, च्यवनप्राश, ओआरएसचं पाणी हे सगळं ‘खाणं’ यातच मोडतं. तंबाखू, मिश्री, सुपारी आणि च्युइंगमही नको. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

औषध जातं कुठे

बहुतेक पेट-सीटीसाठी जे टोचतात त्याला एफडीजी म्हणतात. ग्लुकोजच्या रेणूत दुसऱ्या कार्बनवर जो ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट असतो, तो काढून तिथे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. पेशीच्या दारावरचे वाहक हा फरक ओळखत नाहीत आणि ग्लुकोज समजून त्याला आत घेतात. आत गेल्यावर हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट चिकटवतं. खऱ्या ग्लुकोजचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो, एफडीजीचा मात्र तिथेच संपतो. पुढचं विकर त्याला हात लावत नाही आणि फॉस्फेट चिकटल्यामुळे त्याला पेशीबाहेरही पडता येत नाही. जी पेशी जास्त साखर ओढते, तिच्यात जास्त एफडीजी अडकून पडतं. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी भरमसाट साखर ओढतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी ही गोष्ट १९२० च्या दशकातच दाखवून दिली होती, आणि सगळी तपासणी तिच्यावरच उभी आहे.

पण साखरेची गिऱ्हाईकं गाठीखेरीज आणखीही असतात. मेंदू हे सगळ्यात मोठं आणि कायमचं गिऱ्हाईक. तो उपाशीपोटीही साखरच मागतो, म्हणून चित्रात नेहमी लख्ख दिसतो आणि मेंदूतला बारीक डाग त्या उजेडात लपू शकतो. मेंदूत काही पसरलंय का, हे बघायला एमआरआय वेगळा सांगतात तो यासाठीच. हृदयाचं वागणं दिवसागणिक बदलतं: पोट भरलेलं असेल तर ते साखर जाळतं, उपाशी असेल तर चरबीवर चालतं. यकृतात एफडीजी शिरतं, पण तिथलं एक विकर चिकटलेलं फॉस्फेट पुन्हा सोडवून देतं. त्यामुळे यकृत मध्यम उजळ राहतं आणि वाचणाऱ्या डॉक्टरांना तुलनेसाठी पट्टीसारखं उपयोगी पडतं. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, रिपोर्टमध्ये ‘डोव्हिल स्कोअर’ असतो. गाठीची चमक छातीतल्या रक्ताहून जास्त की कमी, यकृताहून जास्त की कमी, यावरून तो १ ते ५ ठरतो.

मूत्रपिंडाचा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा. निरोगी मूत्रपिंड गाळलेलं ग्लुकोज जवळजवळ सगळं परत शोषून घेतं, म्हणून लघवीत साखर सापडत नाही. मात्र तिथले वाहक दुसऱ्या कार्बनवरचा तोच गट चाचपून बघतात. एफडीजीला तो नसल्यामुळे ते त्याला नीट उचलत नाहीत आणि बरंचसं एफडीजी लघवीत उतरतं. दोन तासांत टोचलेल्या औषधाचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्राशयात पोचलेला असतो. गर्भाशयमुख, प्रोस्टेट, मूत्राशय असे ओटीपोटातले अवयव बघायचे असतील तर हा मोठाच अडथळा. भरपूर पाणी पिण्याचा आणि वारंवार लघवीला जाण्याचा आग्रह त्यातूनच आलेला आहे.

गाठीची भूक आपल्या हातात नसते. बाकीच्या गिऱ्हाइकांना काही तास गप्प बसवणं मात्र हातात असतं, आणि तयारीचं प्रत्येक पाऊल त्यासाठीच असतं.

आदल्या दिवशी

२४ तास आधीपासून अंगमेहनत बंद. जिम, पोहणं, लांब चालणं, सूर्यनमस्कार, जड पिशव्या घेऊन जिने चढणं, शेतातलं काम, हे काहीच नको. दमलेला स्नायू दुसऱ्या दिवशीही साखर भरून घेत असतो आणि चित्रात तो भाग पेटलेला दिसतो. गाव लांब असेल तर आदल्या दिवशी बसने यायला हरकत नाही, स्टँडपासून बोजा उचलून चालत येऊ नका एवढंच.

रात्रीचं जेवण हलकं ठेवा आणि त्यात भात, भाकरी, पोळी, बटाटा, गोड पदार्थ कमी असू द्या. अंडी, पनीर, मासे, चिकन, पालेभाजी, काकडी-टोमॅटो चालतील. भाकरी हवीच असेल तर अर्धी. रोजच्या जेवणावर आलात म्हणून तपासणी रद्द होणार नाही, पण पिष्ट कमी असलेलं बरं.

जेवणाची वेळ इंजेक्शनच्या वेळेवरून मागे मोजत जा. सुई सकाळी १० ला असेल तर पहाटे ४ नंतर काही नाही, म्हणजेच रात्रीचं जेवण शेवटचं. सुई दुपारी २ ला असेल तर सकाळी साडेसातपर्यंत दोन उकडलेली अंडी किंवा थोडं पनीर खाता येईल. चार तासांचा उपास ही किमान मर्यादा मानतात. सहा तास सांगतात ते हाताशी थोडी सवलत असावी म्हणून, तेव्हा सहाच धरा.

पाण्यावर बंदी नाही, उलट ते प्यायचंच आहे. निघण्याआधीच्या दोन तासांत सुमारे एक लिटर प्या. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्याने पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच पाळा. रक्तदाबाची, थायरॉइडची, फिटची गोळी साध्या पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्या.

रुग्ण वॉर्डात दाखल असेल तर सिस्टरकडे स्वतःहून चौकशी करा: सलाईनच्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज’ किंवा ‘डीएनएस’ लिहिलंय का? असेल तर ती साखरच आहे. तोंडाने उपाशी आणि नसेतून गोड, हा प्रकार वॉर्डात फार सहज घडतो. नुसत्या मिठाचं सलाईन चालतं. ग्लुकोजचं सलाईन किंवा नसेतून दिला जाणारा आहार किमान चार तास आधी थांबवावा लागतो, आणि ते डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. नाकातल्या नळीतून देतात त्या आहारालाही सहा तासांचाच नियम.

मधुमेह असेल तर

चुका सगळ्यात जास्त इथे होतात, तेव्हा हा भाग सावकाश वाचा.

रक्तातली साखर जास्त असली की ग्लुकोज आणि एफडीजी यांची एकाच दारासाठी चढाओढ लागते आणि गाठीला एफडीजी कमी मिळतं. बहुतेक केंद्रं २०० मि.ग्रॅ. ही मर्यादा धरतात. ग्लुकोमीटरवर त्याच्या वर आकडा आला तर तपासणी पुढे ढकलली जाते. १५० च्या खाली असलं तर उत्तम.

मग साखर जास्त निघाली तर तिथल्या तिथे इन्सुलिन देऊन का उतरवत नाहीत? कारण ते दुखण्यापेक्षा औषध जड अशातली गत होते. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं ती स्नायूंची आणि चरबीची दारं उघडून. मीटरवरचा आकडा सुधारतो आणि त्याच उघड्या दारांतून एफडीजी स्नायूंत शिरतं. अशा चित्रात दंड, मांड्या, पाठ, हृदय उजळलेलं असतं आणि यकृत फिकट. ते चित्र वाचायच्या लायकीचं राहत नाही.

त्वचेखाली घेतलेलं जलद इन्सुलिन आणि एफडीजी यांत किमान चार तास जाऊ द्यावे लागतात. साध्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिननंतर सहा. मिश्र किंवा मध्यम-दीर्घ काळ चालणारं इन्सुलिन त्या दिवशी सकाळी घेऊन यायचं नसतं. पण हे वाचून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि इन्सुलिन घेऊन उपाशीही राहू नका. दुसरी चूक पहिलीपेक्षा धोकादायक, कारण साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. दोन रस्ते आहेत. एक, पहाटेचा स्लॉट: रात्रभर उपाशी, सकाळचं इन्सुलिन डॉक्टरांच्या सल्ल्याने मागे ठेवलेलं, तपासणी उरकल्यावर जेवण आणि इन्सुलिन. दुसरा, दुपारचा स्लॉट: सकाळी ७ ला न्याहारी आणि त्यासोबतचं जलद इन्सुलिन, मग फक्त पाणी, आणि सुई १ नंतर. ज्यांना इन्सुलिनवाचून चालतच नाही त्यांना दुसरा रस्ता बहुधा सोयीचा पडतो. अपॉइंटमेंट घेतानाच मधुमेह आहे हे सांगा, इन्सुलिनचं नाव आणि युनिट सांगा. ऐन सकाळी सांगितलंत तर यांतला एकही रस्ता उरत नाही.

मेटफॉर्मिनचं प्रकरण निराळं आहे. त्याने आतड्याच्या भिंतीत एफडीजी खूप साठतं, कधीकधी सगळं मोठं आतडं नकाशासारखं उजळतं आणि पोटातली गाठ त्यात हरवते. पोटाचा किंवा आतड्याचा प्रश्न असेल तर ४८ तास आधी ते थांबवायला सांगतात. अर्थात त्या दोन दिवसांत साखर चढली तर काय करायचं, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. बाजारातल्या अनेक एकत्रित गोळ्यांत मेटफॉर्मिन असतं आणि ते गोळीच्या नावावरून कळत नाही, म्हणून पाकीटच घेऊन या.

डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइडं चालू असतील तर ज्यांना मधुमेह नाही त्यांचीही साखर चढलेली निघते. तेही आधी सांगा.

थंडी, आणि मानेतली तपकिरी चरबी

उन्हातून घामाघूम होऊन आलेला माणूस पातळ सुती कपड्यांत थंडगार एसीच्या खोलीत बसतो. अर्ध्या तासात त्याला हुडहुडी भरते. शरीरात ऊब तयार करणारी एक तपकिरी चरबी असते: मानेत, हसळीच्या वर, मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, मूत्रपिंडांच्या भोवती. थंडी वाजली की ती पेटते आणि साखर ओढते. तिची जागा नेमकी तीच, जिथे लिम्फोमाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या ग्रंथी शोधायच्या असतात. तरुण, सडपातळ माणसांत आणि स्त्रियांत हे जास्त दिसतं.

उपाय अगदी साधा आहे. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, मोजे, कानटोपी, शाल बरोबर आणा. मे महिना असला तरी आणा. केंद्रावर येण्याच्या तासभर आधीपासून ऊब राखा, गाडीत एसीचा झोत अंगावर घेऊ नका, सुईनंतरच्या खोलीत पांघरूण मागून घ्या. आधीच्या तपासणीत तपकिरी चरबीने गोंधळ घातला असेल तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुईच्या एक-दोन तास आधी देतात. दमा असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नये.

सुई, आणि तिच्यानंतरचा एक तास

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे हा अणू तयार करणाऱ्या यंत्रातून, निघालेला डोस दोन तास रस्त्यात गेला तर निम्म्याहून अधिक संपलेला असतो. १९७६ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एफडीजी पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं, तेव्हा ते ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत बनवून विमानाने आणावं लागलं होतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला सुरू झालं, आणि त्यानंतर आपल्याकडे या तपासणीला खरी सुरुवात झाली. दिलेल्या वेळेवर या असं केंद्र बजावतं, कारण तुमच्या नावचा डोस शिशाच्या डब्यात क्षणाक्षणाला उतरत असतो.

आल्यावर वजन आणि उंची तिथल्या तिथे मोजून घ्या, घरचा आकडा सांगू नका. मग बोटातून रक्त घेऊन साखर बघतात आणि नसेत इंट्राकॅथ बसवतात. हात कुठला, हे महत्त्वाचं आहे: आजार उजव्या स्तनाचा असेल तर सुई डाव्या हाताला. डोस साधारण ५ ते १० मिलीक्युरी (हे किरणोत्साराचं माप), वजनाप्रमाणे कमीजास्त. आधी साधं सलाईन सोडून नस चालू आहे ना हे बघतात, मग डोस, मग पुन्हा १० मि.ली. तरी सलाईन. टोचताना जळजळलं, दुखलं, फुगलं तर लगेच सांगा, सोसत बसू नका. औषध नसेबाहेर गळलं तर तिथे एक पेटता डाग राहतो, त्यातलं थोडं लसिकेतून काखेत जातं, आणि निरोगी ग्रंथी आजारी असल्यासारखी उजळते. केमोसाठी पोर्ट बसवलेला असेल तर शक्यतो त्यातून देऊ नये, कारण औषध पोर्टच्या डबीत आणि नळीत अडकतं.

पुढचा एक तास सगळ्यात मोलाचा, आणि लोक तोच वाया घालवतात. औषध मिनिटाभरात सगळ्या शरीरात फिरतं, पण पेशींत शिरून अडकायला वेळ लागतो. तोपर्यंत जो स्नायू हलेल, तो आपला वाटा उचलेल. म्हणून आडवे पडा, हातपाय सैल सोडा. मोबाईलवर बोलू नका. बोलण्याने स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, आणि एका बाजूची स्वररज्जू आजाराने लुळी पडलेली असेल तर दुसरी तिचंही काम करून इतकी उजळते की तिथेच गाठ असल्याचा भास होतो. च्युइंगम, सुपारी, तंबाखू चघळल्याने जबड्याचे स्नायू उजळतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात, जो आपल्याकडे तंबाखूमुळे इतका आढळतो, हा गोंधळ फार महागात पडतो. खोकला अनावर असेल तर आधी सांगा, कारण बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल त्यात भाग घेतात. सोबतच्या नातेवाइकांनी या तासात बाहेर थांबावं. गप्पा टळतात आणि त्यांना विनाकारण किरणही लागत नाहीत.

तपासणी मेंदूची असेल तर नियम आणखी कडक. सुईच्या आधीपासूनच अंधारी, शांत खोली, वाचन नाही, पडदा नाही. डोळ्यांपुढे काही हलत राहिलं तर मेंदूचा मागचा, पाहण्याचा भाग उजळतो.

या तासात आणखी अर्धा लिटर पाणी प्या. मशीनवर जाण्याच्या अगदी आधी लघवी करून या, पुरुषांनीही बसून. कपड्यावर किंवा मांडीवर उडालेला एक थेंबसुद्धा चित्रात डाग म्हणून उमटतो. हात नीट धुवा. पिशवी लावलेली असेल तर ती रिकामी करून घ्या आणि नळी अंगाखाली येऊ देऊ नका.

मशीनमध्ये

आधी सीटी, काही सेकंदांचा. मग पेट, मशीनप्रमाणे साधारण १५ ते २५ मिनिटं. हात डोक्यावर, श्वास संथ आणि वरवरचा. दीर्घ श्वास घेऊन रोखलात तर सीटीतलं यकृत एका जागी आणि पेटमधलं दुसऱ्या जागी येतं, मग यकृताच्या वरच्या भागातला डाग फुफ्फुसात असल्यासारखा दिसतो. चित्रण मांड्यांकडून वर डोक्याकडे घेतात, म्हणजे नुकतंच रिकामं झालेलं मूत्राशय पुन्हा भरायच्या आत ओटीपोट उरकतं. खांदा दुखत असेल आणि हात वर राहत नसतील तर सुरू होण्याआधी सांगा. अर्ध्यावर हलण्यापेक्षा हात खाली ठेवून केलेलं चित्र बरं.

एसयूव्हीचा आकडा कुठून येतो आणि कशाने चुकतो

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांचं लक्ष आधी ‘एसयूव्ही’कडे जातं. त्याचा हिशेब समजला तर बरीचशी भीती आणि बरीचशी खोटी आशाही कमी होते.

समजा वजन ७० किलो आहे आणि डोस ७ मिलीक्युरी, म्हणजे किरणोत्साराच्याच दुसऱ्या मापात २५९ मेगाबेकेरेल. एका तासाने त्यातले सुमारे १७७ उरतात. हे १७७ अंगभर अगदी सारखे पसरले असते तर प्रत्येक मि.ली.मध्ये २.५३ किलोबेकेरेल आले असते. ही झाली एसयूव्ही १. एखाद्या गाठीत प्रत्यक्षात १५.२ मोजले, तर तिची एसयूव्ही ६. सरासरी वाट्याच्या सहापट, एवढाच त्याचा अर्थ.

आता यातलं काय काय चुकू शकतं ते बघा. वजन ६० किलो असताना ७० लिहिलं तर ५.१ ची गाठ ६ दिसते. डोस मोजायच्या घड्याळात आणि मशीनच्या घड्याळात दहा मिनिटांचा फरक असला तर सहा टक्क्यांची चूक. दहावा हिस्सा औषध हातात गळलं तर ६ चे ५.४ होतात, आणि गाठ लहान झाली नसताना उपचार लागू पडल्यासारखं वाटतं. टेक्निशियनने सिरिंजमध्ये उरलेला डोस मोजून वजा केला नाही तरी तसंच. सुईनंतर ६० मिनिटांऐवजी ९० मिनिटांनी चित्रण झालं तर बऱ्याच गाठींचा आकडा त्या अर्ध्या तासात आणखी वर गेलेला असतो.

म्हणून उपचाराच्या आधीची आणि नंतरची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच मशीनवर करा, आणि सुईनंतरची वाट पाहण्याची वेळ दोन्हीकडे तीच ठेवायला सांगा. दोन वेगवेगळ्या केंद्रांतले ४.८ आणि ५.५ शेजारी ठेवून आजार वाढला असं ठरवू नका. शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी तर तुलना करूच नका.

आणि चमकतं ते सगळं कर्करोगाचं नसतं. क्षयाची ग्रंथी, सार्कॉइडचा आजार (यात अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होतात), न्यूमोनिया, गळू, ताजी शस्त्रक्रिया, या सगळ्यांत दाह करणाऱ्या पेशी साखर ओढतात. आपल्या देशात छातीतल्या उजळ ग्रंथींचं कारण क्षय असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि एसयूव्ही किती यावरून क्षय की कर्करोग हे सांगता येत नाही. तुकडा काढून तपासावाच लागतो. पूर्वी क्षय झाला असेल, घरात कोणाला असेल, तर फॉर्मवर लिहा. उलट काही कर्करोग फिकेच राहतात: प्रोस्टेटचे बरेचसे, यकृताचे संथ वाढणारे, बुळबुळीत द्रव तयार करणारे, आणि ८-१० मि.मी. पेक्षा लहान डाग.

कधी करू नये

घाईने केलेली तपासणी बहुतेक वेळा पुन्हा करावी लागते. केमोनंतर किमान दहा दिवस जाऊ द्यावेत. केमो चालू असताना पुढच्या सायकलच्या जरा आधीची वेळ बरी. लिम्फोमाचे उपचार पूर्ण संपल्यावर सहा ते आठ आठवडे. रेडिएशननंतर तीन महिने, कारण शेकलेल्या भागातला दाह तेवढे दिवस उजळत राहतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे. पांढऱ्या पेशी वाढवायचं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवडे, आणि त्याचा ‘पेग’ प्रकार असेल तर त्याहून जास्त. नाहीतर सगळी अस्थिमज्जा आणि प्लीहा एकसारखी उजळते आणि हाडांत आजार आहे की नाही ते कळत नाही. कुठलीही लस घेतली असेल तर तारीख आणि हात सांगा, त्या बाजूची काख काही आठवडे उजळू शकते. कर्करोग एका स्तनाचा असेल तर लस दुसऱ्या हातावर घ्यावी.

हृदयासाठी उलटी तयारी

हृदयात सार्कॉइड किंवा दाह शोधायचा असेल तर सहा तासांचा उपास पुरत नाही. हृदयाच्या निरोगी स्नायूने साखर पूर्ण सोडून चरबीवर यावं लागतं. आदल्या दिवशी किमान दोन जेवणं भरपूर चरबीची आणि जवळजवळ शून्य पिष्टाची, त्यानंतर रात्रभर उपास; तो १२ तासांचा किंवा त्याहून जास्त असलेला बरा. पोळी, भात, डाळ, कडधान्य, फळं, दूध, दही, शेंगदाणे, काजू, बेसन सगळं बंद. मांसाहारी माणसाला हे सोपं जातं: अंडी, तळलेले मासे, चिकन, पण रव्यात किंवा पिठात घोळवलेले नाहीत. शाकाहाऱ्यांसाठी अंडी चालत असतील तर ती, नाहीतर तुपात परतलेलं पनीर, लोणी, पालेभाजी. पनीरमध्येही थोडी दुधातली साखर असते, तेव्हा किती घ्यायचं ते केंद्राला विचारा. काय काय खाल्लं ते वेळेसह कागदावर लिहून आणा. चुकून एक बिस्किट खाल्लं असेल तर तेही लिहा. लपवलं तर सगळं हृदय उजळतं आणि डोस फुकट जातो.

हृदयाचा स्नायू जिवंत आहे का, हे बघायच्या तपासणीत मात्र मुद्दाम साखर पाजतात. म्हणून ‘हृदयाचं पेट’ एवढंच ऐकून तयारी करू नका, कशासाठी ते विचारा.

हे सगळे नियम एफडीजीचे आहेत. हाडांच्या स्कॅनमधलं टेक्नेशियम हाडाच्या खनिजाला चिकटतं, त्याला उपास लागत नाही, दोन-चार तास थांबून भरपूर पाणी प्यायलं की झालं. प्रोस्टेटच्या पीएसएमए पेटमध्ये लाळग्रंथी आणि मूत्रपिंडं उजळतात, साखरेचा संबंधच नसतो. थायरॉइडच्या आयोडिन स्कॅनला मिठातलं आयोडिन आडवं येतं. औषध कोणाचं सोंग घेऊन शरीरात शिरतं, तेवढं विचारा. तयारी त्यावरून ठरते.

घरी जाताना

संपल्यावर लगेच खा. मधुमेहींनी थांबवलेली गोळी किंवा इन्सुलिन कधी सुरू करायचं ते निघण्याआधी विचारून घ्यावं. दिवसभर पाणी पीत राहा, लघवीनंतर दोनदा फ्लश करा. सुईनंतर सहा तासांनी किरणोत्सार दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि लघवीतून जातो तो वेगळा. तोपर्यंत गरोदर बाईजवळ आणि तान्ह्या मुलाजवळ बसू नका. बाळ अंगावर पीत असेल तर दूध आधीच काढून ठेवा आणि दुसऱ्या कोणाकडून पाजून घ्या. दुधात फारसं उतरत नाही, पण बाळाला छातीशी धरणं केंद्राने सांगितलेले तास टाळायचं. गरोदर असण्याची शंका असेल तर हे सगळं सुईच्या आधी बोलायचं.

रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्हही मागून घ्या. छापलेल्या फिल्मवरून पुढच्या वेळी तुलना करता येत नाही, मूळ चित्रंच लागतात.